खोकल्यासह संपूर्ण

महाडहून रायगडाकडे निघालेला माणूस नाते गावात गाडीची काच खाली करतो ती दोनच प्रश्नांसाठी. पाचाड अजून किती लांब, आणि रोपवे चालू आहे का. १९९६ साली हिरकणीवाडीला रोपवे झाला तेव्हापासून दुसऱ्या प्रश्नाने पहिल्याला मागे टाकलं आहे. आम्हीही काही कमी नाही. उत्तर देता देता 'रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, त्यांचा जन्म इथलाच बरं का, १८९६ सालचा' एवढं घुसवून टाकतो. चिंतामणरावांपर्यंत काच अर्धी वर आलेली असते आणि 'बरं का'पर्यंत गाडी वळणाआड गेलेली असते.

पण एका गावाने किती वर्षं एकाच माणसाच्या जिवावर काढायची? त्यामुळे गेल्या गणपतीत आमच्या माळ्यावर एक कॅसेट सापडली तेव्हा निदान आमच्या आळीला तरी नवा ठेवा मिळाल्याचा आनंद झाला. 'सापडली' हे तसं खोटंच. ती हरवली कधीच नव्हती. पत्र्याच्या ट्रंकेत, चादरींच्या खाली, 'असू दे, कधी तरी लागेल' या जातीच्या वस्तूंमध्ये ती सुखाने पडून होती. बंद पडलेलं मनगटी घड्याळ, एका काडीचा चष्मा, तांब्याच्या बंबाची तोटी आणि ही. कागदावर निळ्या शाईत 'ना. श. तु. खराब करू नये' असं लिहिलेलं. आमच्या पिढीला ही कोणा थोर माणसाची आद्याक्षरं वाटली. सुनेने तर ना. श. तु. या नावाचे कोणी कवी होऊन गेले का, हे मोबाइलवर शोधूनही पाहिलं. शेवटी वडिलांनी वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं, "नाते, शक्ती-तुरा. कवी कसले घेऊन बसलात."

ज्यांना शक्ती-तुरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन पार्ट्या असतात. शक्तीवाले पार्वतीची बाजू घेतात, तुरेवाले शंकराची. खुद्द त्या दोघांचा संसार युगानुयुगं सुरळीत चाललेला आहे, पण त्यांच्यात थोर कोण यावर कोकणातली माणसं रात्ररात्र भांडतात. गण होतो, गवळण होते, मग सवाल-जवाब. पुराणातला अडचणीचा प्रश्न गाण्यातून टाकायचा आणि समोरच्याने गाण्यातूनच तो सोडवायचा. पायात चाळ बांधलेली पोरं फेर धरून नाचतात, ढोलकी आणि टाळ थांबायला तयार नसतात, आणि पुराण आटपलं की शाहीर एकमेकांच्या गावावर, पोटावर आणि गेल्या वर्षीच्या फजितीवर येतात. मुंबईला परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट लावून हे सामने होत असत. गावात तिकीट नसतं. गावात सत्यनारायण असतो. प्रसाद घ्यायला आलेला माणूस पहाटेपर्यंत उठत नाही.

तर आमच्या आळीत लहानपणापासून एक कथा सांगितली जाते. फार वर्षांपूर्वी पोलादपूरकडची एक नामांकित पार्टी आमच्याकडे आली होती आणि आमच्या शाहिराने तिला असं काही उत्तर दिलं की पलीकडच्यांची ढोलकीच थांबली. उत्तर काय दिलं हे मात्र प्रत्येकजण वेगळं सांगतो. कोणी म्हणतो दक्षयज्ञातला दाखला दिला, कोणी म्हणतो अर्धनारीनटेश्वराचा दिला, आणि एक आजोबा शपथेवर सांगत की शाहिराने फक्त मिशीवरून हात फिरवला, तेवढंच पुरलं. आता पुरावाच हातात आला होता. इतिहासाच्या बाबतीत आमचा तालुका आधीच हळवा आहे. त्यात पुरावा म्हटल्यावर लोक चपला घालूनच माळ्यापर्यंत आले.

अडचण एकच होती. घरात मोबाइल रग्गड, कॅसेट वाजवायला मात्र काही नाही. ती ज्या टू-इन-वनवर भरली गेली तो नॅशनल पॅनासोनिक काकांनी कुवेतहून आणला होता. त्या काळी आमच्या भागात आखाती देशातून परतलेल्या माणसाची किंमत टेपच्या स्पीकरांवर ठरे, आणि काकांच्या टेपला चार स्पीकर होते. त्यातले दोन पुढे एका भाच्याच्या विज्ञान प्रदर्शनात कामी आले. उरलेल्या यंत्रात पाली राहतात आणि त्यांना उठवणं घरातल्या बायकांना मंजूर नव्हतं.

महाडच्या बाजारात रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. २०२१ च्या जुलैत सावित्री आणि गांधारी दोघी मिळून बाजारात शिरल्या तेव्हा त्यांचं दुकान चिखलाने भरलं. वर्षानुवर्षं दुरुस्तीला येऊन पडलेले, मालक विसरलेले सगळे टेप त्या पाण्यात गेले. एकच उरला, कारण तो त्यांनी घरी वरच्या मजल्यावर स्वतःसाठी ठेवला होता. आमच्याच कॅसेटची एक प्रत बाजारपेठेतल्या आत्याकडे लग्नाच्या अल्बमशेजारी होती, तीही त्या पुरात अल्बमासकट गेली. म्हणजे आता जगात एकुलती एक प्रत आमच्या हातात होती. हे मी चाचांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं. त्यांनी कॅसेट उजेडात धरली, हलवून पाहिली आणि म्हणाले, "ह्यात सोनं गाडलंय काय?"

सोनं नव्हतं, बुरशी होती. महाडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे पापड, पुस्तकं, पाहुणे कशालाही बुरशी येते. फितीच्या कडेला पांढरी झालर धरली होती. आतली स्पंजची गादी गळून पडली होती. चाचांनी पाच स्क्रू काढले, फितीची दोन्ही चाकं अलगद उचलली आणि दुसऱ्या एका धडक्या कॅसेटच्या पोटात बसवली. ज्या कॅसेटने देह दिला ती आरतीसंग्रहाची होती. "ह्या नव्वदवालीत एकशेतीस मीटरच्या आसपास फीत असते," ते स्क्रू आवळत म्हणाले, "सुटली तर स्टँडपर्यंत गोळा करत जायला लागेल. शिंकू नका." एवढ्या मोठ्या जबाबदारीखाली मी आयुष्यात प्रथमच शिंक गिळली.

मग त्यांनी बटण दाबलं. खरखर झाली, आणि त्या खरखरीतून एक आवाज आला, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू, थ्री." तीनच्या पुढे मोजण्याची पाळी महाराष्ट्रातल्या कोणत्याही माईकवर आलेली नाही.

चाचांच्या टेपसकट घरी आणून सगळ्यांसमोर लावली तेव्हा जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मी समजत होतो, लोक गाणं ऐकतील. कोणी गाणं ऐकलं नाही. सामन्याच्या रात्री टेप ठेवला होता प्रेक्षकांत, बहुधा बायकांच्या बाजूला एका खुर्चीवर; त्यामुळे शाहीर लांब आणि गाव जवळ. गण चालू असताना कोणीतरी कोणाला तरी "सरकून बस की" म्हणतं. गवळणीच्या ऐन रंगात कपबशा वाजतात. आणि दर तीनचार मिनिटांनी एक खोकला येतो. साधा खोकला नव्हे, आधी घसा खाकरणं, मग दोन लहान, मग एक लांब, आणि शेवटी "अरे देवा." पहिल्यांदा तो आला तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते सहसा ठेवत नाहीत. म्हणाले, "आबा."

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांचे दोन फोटो आहेत, दोन्हींत ते पासपोर्टसाठी बसल्यासारखे दिसतात. आवाज म्हणून त्यांचा जगात हा एवढा खोकला शिल्लक. त्यानंतर सगळं घर शक्ती-तुऱ्यातल्या खोकल्यांची वाट बघत बसलं. शाहीर मध्येच गात राहिला तर आत्या म्हणायची, "ह्याला जरा थांबव रे."

पहिल्या बाजूच्या मध्यावर एकदम ढोलकी तुटते आणि एक बाईमाणूस अगदी तोंड लावून बोलायला लागतं. इकडचं सर्व क्षेम आहे. पत्र मिळालं. पैसे मिळाले, पण तू सांगितलेस त्यापेक्षा कमी मिळाले, मध्ये कोणी खाल्ले काय ते बघ. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या आवाजाची कॅसेट तीनदा ऐकली, तू दोनदाच 'आई' म्हटलंस. ही आमची मोठी आजी. त्या काळात लिहिता न येणारी माणसं आखातात गेलेल्या मुलांना कॅसेटवर बोलून पाठवत, हे कोकणात घरोघर झालेलं आहे. पुन्हा भरलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे दात मोडून ठेवायची सोय असते. आमच्याकडे ते मोडलेले होते. पण आजीने त्या खाचेत कापसाचा बोळा घालून शाहिराच्या गळ्यावर म्हैस बांधली होती. पत्र तीन मिनिटांत संपतं आणि गवळण पुढे सुरू होते, जणू कृष्णानेच गोपींना व्यालेल्या म्हशीची बातमी दिली.

आता मुख्य मुद्दा, तो सामना. पलीकडचा शाहीर सवाल टाकतो. काय आवाज! खणखणीत, शब्द न् शब्द सुटा, आणि सवालही असा की आजही आमच्या आळीतल्या एकालाही उत्तर सुचलं नाही. आमच्या बाजूला कुजबुज होते. ढोलकीवाला उगीचच लांबवतो, म्हणजे शाहीर विचार करतोय. मग आमचा शाहीर पुढे येतो, चाळ वाजतात, तो पहिला शब्द उच्चारतो आणि खट्. पहिली बाजू संपली. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ती बरोब्बर तिथे संपली. दुसरी बाजू लावली तर टाळ्या चालू. कॅसेट उलटी करून बटण दाबेपर्यंत जे काही झालं त्यातच आमच्या गावाची कीर्ती होती.

म्हणजे पुराव्याने काहीच सिद्ध झालं नाही. आळीत याचा निकाल 'टाळ्या ऐकू येतात ना, मग झालं' असा लागला. शहाण्या लोकांनी एवढंच पाहिलं की टाळ्या कोणत्या बाजूने आल्या हे मोनो टेपवर कळत नाही.

दुसऱ्या बाजूला आणखी एक मौज आहे. थोड्या वेळाने लाईट जाते. कॅसेटवर अंधार ऐकू येतो. सगळा मांडव एकदम "ओऽऽ" करतो आणि पेट्रोमॅक्सला पंप मारल्याचा आवाज येतो. टेप सेलवर लावला गेला. सेल जुने. यंत्र दमलं की फीत हळू सरकते. आता ती नीट वेगाने, म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरने वाजवली की सगळं घाईत आणि बारीक आवाजात ऐकू येतं. त्यामुळे रात्र चढत जाते तसतसा आमचा सहा फुटी शाहीर लहान होत जातो. शेवटची भैरवी तर पहिलीतल्या मुलीने म्हटल्यासारखी आहे. आमच्या शाहिराच्या आवाजात जो गोडवा उभ्या आयुष्यात आला नाही तो संपत आलेल्या सेलांनी आणला.

मग मोबाइलवर फाइल झाली आणि गावभर वाटली गेली. आळीचा ग्रुप, मुंबईकरांचा ग्रुप, आणि ज्यातून सगळे रागावून बाहेर पडून पुन्हा आत आलेत तो ग्रुप. गणपतीनंतर मुंबईला परतलेल्या, सुरत-बडोद्याला पोटासाठी गेलेल्या माणसांपर्यंत ती दोन दिवसांत पोचली, आणि उत्तरं यायला लागली. एकानेही शक्तीबद्दल किंवा तुऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "सव्विसाव्या मिनिटाला चहा मागतोय तो आमचा बापूस." "बॅटरी कोणी आणली विचारतंय ती माझी माय." गवळणीच्या वेळी एक तान्हं मूल टाहो फोडतं. ते मूल आपणच, असा चौघांनी दावा केला. त्यात एक निवृत्त हेडमास्तर आहेत, आणि दोघांच्या जन्मात सहा वर्षांचं अंतर आहे. सामना नेमका कोणत्या साली झाला हे यावरून ठरवावं असं ठरलं, पण चौघांच्या आया चार सालं सांगू लागल्या तेव्हा तो नाद सोडला.

खरी गडबड झाली ती देणग्यांनी. आमच्याकडे शाहीर ऐन रंगात आला की त्याच्या हातातून माईक काढून घेऊन देणग्या जाहीर करायची रीत आहे. चिंतामणराव १९४३ ते १९४९ गव्हर्नर होते तेव्हा नोटेवर 'अदा करण्याचे वचन' देऊन खाली सही करत. आमच्या मांडवात वचन माईकवर देतात, सही करत नाहीत. कॅसेटवर एका प्रतिष्ठित घराण्याच्या नावाने मंडळाला एकावन्न रुपये जाहीर झालेले स्पष्ट ऐकू येतात. मंडळाची जुनी वही निघाली. त्यात ते एकावन्न 'येणे' खाती. झालं. चिंतामणरावांच्या गावात चक्रवाढ व्याज कोणालाही येतं. दर साल दर शेकडा दहा, चाळीस वर्षं धरून कोणीतरी २,३०८ रुपये काढून ग्रुपवर टाकले. त्या घराण्याच्या नातवाने मुंबईहून लगेच उत्तर दिलं की आवाज आपल्या आजोबांचा नसून माईकवाल्याचा आहे, आणि शब्द 'जाहीर' असा आहे, 'जमा' असा नाही. मामला अजून चालू आहे. एवढ्या वर्षांत मंडळाची इतकी भरलेली सभा झाली नव्हती.

पोलादपूरकडच्या त्या गावात आमच्या आळीची एक मुलगी दिलेली आहे. तिच्यामार्फत फाइल तिकडे गेली. त्यांनी सवालाचा तुकडा कापून रिंगटोन केला. उत्तराचा तुकडाच नाही म्हटल्यावर आम्ही काय करणार? मी जावईबापूंना फोन करून विचारलं, तुमच्याकडेही त्या रात्री कोणी टेप आणला असेलच ना? ते म्हणाले, "होता की. आमची कॅसेट साठवाली, ती उलटून झाली होती, सगळं उत्तर तिच्यात आलंय बोलायचे." मी म्हटलं, मग? "मग काय, थोरल्याच्या लग्नात तिच्यावर मंगलाष्टका भरल्या." म्हणजे पार्वती थोर की शंकर, या प्रश्नाचं महाड आणि पोलादपूर तालुक्यांपुरतं उत्तर 'शुभमंगल सावधान'च्या खाली गाडलं गेलं आहे.

इथवर सगळं ठीक होतं. मग पुण्याच्या भाच्याने सेवा करायची ठरवली. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने रात्र जागून ध्वनिफीत 'क्लीन' केली. खरखर काढली, रातकिडे काढले, सेलांमुळे चढलेला आवाज खाली आणला, देणग्या कापल्या, मूल काढलं, म्हैस काढली, खोकला काढला. दीड तासाचं बावीस मिनिटं झालं. फाइलला 'फायनल' असं नाव होतं. लावली. शाहीर काचेच्या बरणीत बसून गात होता. सगळ्यांनी शिस्तीत ऐकलं. संपल्यावर आत्या म्हणाली, "ह्यात आपलं कोणीच न्हाय."

आत्या चौथी शिकलेली आहे, पण ध्वनिमुद्रणाचा सगळा इतिहास तिने एका वाक्यात निकालात काढला. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग नावाचा माणूस कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहरजानकडून भोंग्यात गाऊन घेतलं. रात्ररात्र चालणारं गाणं तीन मिनिटांत बसवायचं, आणि शेवटी इंग्रजीत 'माझं नाव गौहरजान' असं ओरडायचं, म्हणजे दूर जर्मनीत तबकडी छापणाऱ्याला लेबल कोणतं लावायचं ते कळे. समोर वाहवा करायला चिटपाखरू नाही. ते गाणं अस्सल, पण मैफल नव्हे. मैफल म्हणजे समोरची माणसं, आणि तीच नेमकी भोंग्याच्या वाटेत येत.

उलट १९२१ साली मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याचं ध्वनिमुद्रण नाही. विजेवर चालणारं माईकवरचं मुद्रणच मुळी १९२५ साली आलं. आणि म्हणूनच त्या रात्रीबद्दल मराठी माणसांचं एकमत आहे की असं गाणं पुन्हा झालं नाही. एखाद्या दर्दी व्यापाऱ्याकडे त्या रात्रीची फीत असती तर आज कोणाचा षड्ज किती चढला होता यावर तीन पुस्तकं निघाली असती. आमच्या शाहिराचं उत्तर कॅसेट उलटताना गेलं, ते त्याच्या भाग्याचंच म्हणायचं.

चुंबकीय फितीवर भर मैफल पकडण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९३६ सालचा. जर्मनीत लुडविग्सहाफेनला, फीत बनवणाऱ्या कारखान्याच्याच सभागृहात, बीचमचा वाद्यवृंद मोझार्ट वाजवत होता. पुढे फिलिप्सने १९६३ साली कॅसेट काढली आणि ज्या उद्योगाला जर्मन अभियंते लागले तो आमच्या काकांना कुवेतच्या पगारात जमला. सापडण्याच्या बाबतीतही आम्ही एकटे नाही. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १९५७ साली थेलोनियस मंक आणि जॉन कोलट्रेन एकत्र वाजले. ती फीत २००५ साली अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात एका खोक्यात सापडली. अठ्ठेचाळीस वर्षं. एवढं मोठं ग्रंथालय, पगारी माणसं, तरी त्यांची ट्रंक आमच्या ट्रंकेपेक्षा लवकर उघडली असं काही म्हणता येणार नाही.

मैफल म्हणजे समोरची माणसं, हे मराठी माणसाला खरं तर सांगायला नको. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने मैफलींच्याच कॅसेटी काढल्या आणि लोकांनी त्या जपून ठेवल्या. पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन तर घराघरांत पाठ आहे, आणि नुसतं कथाकथन नव्हे, हशासुद्धा पाठ आहे. कुठे सभागृह हसणार, कुठे एक बाई उशिरा हसणार, कुठे टाळी आधी पडणार, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ते ऐकलंय असं मी मानत नाही. आमच्या घरात तर लोक हशाच्या आधी हसतात. तो हशा कापून कोणी 'क्लीन' पु. ल. बाजारात आणले तर मराठी माणूस मोर्चा काढील. मोर्चा काढणं त्याला जमतं, चिंतामणरावांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडलं ते अशाच मोर्च्यांच्या दिवसांत.

भाच्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो हुशार आहे, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, पण मग यात म्युझिक किती आणि नॉइज किती?" मी म्हटलं, बाळा, तू ज्याला नॉइज म्हणतोस त्यातला एक तुझा पणजोबा आहे. त्याने पुन्हा रात्र जागवून सगळं परत जोडलं. फक्त बारीक झालेला आवाज तेवढा खाली आणून ठेवला होता. त्यावर आळीतून एकमुखाने मागणी आली की भैरवी तेवढी पहिलीतल्या मुलीच्याच आवाजात ठेवावी, शाहिराला ती शोभते. ती तशीच आहे.

आता तुमच्यासाठी. तुमच्या माळ्यावरही अशी एखादी कॅसेट असणारच. भजनाची, नाटकाची, कीर्तनाची, नाहीतर आत्याच्या साखरपुड्याची. ती उत्साहाच्या भरात मिळेल त्या यंत्रात घालू नका. आधी कोरड्या जागी ठेवा, बुरशी दिसली तर जाणत्याकडून साफ करून घ्या, पाठीवरचे दात मोडलेले आहेत का ते पाहा आणि खाचेतला बोळा काढून टाका. फाइल केलीत की तिच्याबरोबर गाव, साल आणि ओळखू येणाऱ्या माणसांची नावं लिहा, कारण ज्यांना खोकले ओळखता येतात ती माणसं आता थोडी राहिली आहेत, आणि त्यांना आजच विचारा. देणग्या कापू नका, वसुली होऊ शकते. आणि आवाज स्वच्छ करून देतो म्हणणारा भाचा घरात असेल तर त्याला मूळ फाइल कधीही देऊ नका, प्रत द्या.